हिमालयन ४५० मागून बसते - घाट, कच्चा रस्ता आणि स्पितीसाठी सस्पेंशन कसं लावायचं?

रानवाट
मंडळी, मदत हवीये. गाडी हिमालयन ४५०, पुण्यात असतो. एकटा असलो की गाडी झकास चालते, ताम्हिणी काय वरंधा काय, काही तक्रार नाही. पण बायको मागे बसली आणि दोन्ही बाजूच्या सॉफ्ट बॅगा भरल्या की सगळं बिनसतं. वळणात गाडी बाहेर बाहेर पळते, स्पीडब्रेकरवर मागे "ठक्क" आवाज येतो, रात्री समोरचे गाडीवाले डिपर मारत राहतात म्हणजे हेडलाइट वर गेलाय. जूनअखेर किंवा जुलैत दोघांनी स्पिती करायचंय, किन्नौरकडून आत शिरून कुंझुम खिंडीवरून मनालीला उतरायचं. मेकॅनिक म्हणाला "शॉकअप टाइट करून देतो", दोन खाचा फिरवल्या, आता एकटा चालवताना कंबर बोलते. वजन माझं ८८, बायको ६०, सामान साधारण २५ किलो. घाटाला वेगळं, कच्च्याला वेगळं, पहाडात वेगळं असं काही सेटिंग असतं का? आकडे देणार असाल तर प्लीज कारणासकट द्या.

खडूसकाका
आम्ही ड्रम ब्रेकच्या बुलेटवर लडाख केलं तेव्हा सस्पेंशन म्हणजे सीटखालच्या दोन स्प्रिंगा. सेटिंग काय असतं ते गावीही नव्हतं. सामान कमी करा, विषय संपला.

हूकपान्हा
काकांचं अर्धं बरोबर आहे, त्यावर नंतर येतो.

रानवाट, पहिल्यांदा ते "टाइट करून देतो" डोक्यातून काढून टाका, कारण बहुतेक गोंधळ तिथेच होतो. मागच्या शॉकची रिंग फिरवली की प्रीलोड, म्हणजे स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवलीये ते, बदलतो, स्प्रिंग कडक होत नाही. स्प्रिंगचा कडकपणा तिच्या तारेच्या जाडीवर आणि वेढ्यांवर ठरलेला असतो, तो रिंगेने बदलत नाही. रिंगेने फक्त गाडी किती उंचीवर उभी राहणार ते बदलतं. मग एकट्याला कंबर का बोलते? तर गाडी एवढी वर उचलली गेलीये की खड्ड्यात चाक खाली पडायला जागाच उरली नाही. चाकाला वर जायला जागा लागते तशी खाली जायलाही लागते, हे लोक विसरतात.

तुमच्या गाडीला पुढे ४३ मिमीचा शोवा कंपनीचा अपसाइड डाऊन फोर्क (चाक धरणारे पुढचे दोन पाय, उलटे बसवलेले) आहे, मागे लिंकेज (शॉक आणि चाकामधली दांड्यांची जोडणी) असलेला मोनोशॉक, म्हणजे एकच शॉक, दोन्हीकडे चाकाचा वरखाली प्रवास २०० मिमी. पुढे कंपनीने काहीच फिरवायला दिलेलं नाही, मागे फक्त प्रीलोड. म्हणजे खेळायला एकच खुंटी आहे, त्यामुळे काम सोपं.

आता मोजा. टेप घ्या आणि दोन माणसं मदतीला घ्या, एकट्याने होत नाही. मागच्या चाकाच्या आसापासून सरळ वर शेपटीवर एक खूण करा, चिकटपट्टी लावली तरी चालेल. चाक पूर्ण अधांतरी असताना ते अंतर मोजा. मग गाडी जमिनीवर स्वतःच्या वजनावर उभी करून मोजा, या दोन्हीतला फरक म्हणजे फ्री सॅग. मग तुम्ही हेल्मेट-जॅकेट-बूट घालून बसून मोजा, तो रायडर सॅग. मग बायको आणि भरलेल्या बॅगांसकट. प्रत्येक वेळी एकदा गाडी दाबून हळू सोडून मोजायची आणि एकदा उचलून हळू सोडून मोजायची, दोन्हीची सरासरी धरायची, कारण सील आणि बुशच्या घर्षणामुळे गाडी दोन जागी थांबते.

ॲडव्हेंचर गाडीला रायडर सॅग प्रवासाच्या ३० टक्क्यांच्या आसपास हवा, म्हणजे तुमच्याकडे ६० मिमी. ५५ ते ६५ मध्ये असाल तर डोकं खाजवत बसू नका. आकडे आणा, मग पुढचं बोलू.

तीनशेनव्वद
+१. आणि मेकॅनिकने फिरवलेल्या खाचा आधी होत्या तिथे आणून मग मोजा, नाहीतर मूळ काय होतं तेच कळणार नाही.

मीनल_एक्सपल्स
माझा प्रश्न उलटा आहे, इथेच विचारते. वजन ५२, उंची पाच फूट दोन इंच, हीरोची एक्सपल्स २०० ४व्ही. मागचा प्रीलोड कमीत कमी ठेवलाय तरी गाडी खाली बसतच नाही, छोट्या दगडावरून पण टणाटण उडते. एक जण म्हणाला लोअरिंग लिंक (मागून गाडी खाली बसवणारा लिंकेजचा तुकडा) टाक, पाय पण टेकतील. टाकू का?

हूकपान्हा
मीनलताई, तुमच्या वजनाला ती स्प्रिंग कडक पडतेय. दोन गोष्टी तपासा. पहिली, टायरमधली हवा. पंपावरचा पोरगा डोळे झाकून ३५-४० पीएसआय भरतो, आणि हलक्या माणसाला त्याचा त्रास सगळ्यात जास्त होतो. गाडीवरच्या स्टिकरवर एकट्यासाठीचा आकडा असतो तेवढीच भरा. दुसरी, सॅग मोजा. प्रीलोड कमीत कमी असताना तुम्ही बसल्यावरही सॅग ४० च्या आत राहत असेल तर मऊ स्प्रिंग हाच खरा उपाय.

लोअरिंग लिंकबद्दल माझं मत चांगलं नाही. मागून गाडी खाली येते, पुढून तशीच राहते, त्यामुळे हँडल जड होतं. इंजिनखालची जागा कमी होते. लिंकेजचं गणितच बदलतं, त्यामुळे शॉक एरवीपेक्षा लवकर तळाला जातो. आणि साइड स्टँड लांब पडतो, गाडी जवळजवळ सरळ उभी राहते आणि उताराला आपोआप पडते. पाय टेकायचे असतील तर आधी सीटचा फोम कापून घ्या, स्वस्तात होतं आणि परत भरताही येतो.

मीनल_एक्सपल्स
हवा पुढे ३६ होती 🤦‍♀️ स्टिकरप्रमाणे केली. निम्मी टणाटण गेली. फोमवाला शोधते.

दापोलीकर
मी पण एक्सपल्सवालाच. आमच्याकडे तीन प्रकारचं रान आहे, जांभ्याच्या खाणीकडे जाणारे खडबडीत रस्ते, पावसात लाल चिखल आणि उरलेलं वर्षभर डांबर उखडून राहिलेली खडी. माझा अनुभव असा की चिखलात सस्पेंशनपेक्षा टायर आणि पुढचा मडगार्ड जास्त महत्त्वाचा. टायरला चिकटून बसलेल्या मडगार्डमध्ये लाल माती भरली की चाकच जाम होतं, मग फोर्क ओहलिन्ससारख्या महागड्या कंपनीचा असला तरी उपयोग शून्य. जांभ्यावर मात्र हवा फार कमी करायची नाही, त्याच्या कडा धारदार असतात, ट्यूब चिमटीत सापडते आणि एकाच जागी दोन भोकं पडतात. मी २४-२५ च्या खाली जात नाही.

आणि एक विनंती, विषय निघालाच आहे म्हणून. वाळूची प्रॅक्टिस करायला आमच्या समुद्रावर गाड्या घालू नका. वेळास-आंजर्ल्याला कासवांची घरटी असतात वाळूत. शिवाय खाऱ्या पाण्याने लिंकेजची बेअरिंग खलास होतात ते वेगळंच.

तीनशेनव्वद
कासवांसाठी +१००.

क्लिकरवाल्यांसाठी, म्हणजे ज्यांच्या सस्पेंशनला फिरवायचे स्क्रू आहेत त्यांच्यासाठी, थोडं लिहितो, हिमालयनला लागू नाही पण धागा वाचणारे बाकीचेही आहेत. माझी केटीएम ३९० ॲडव्हेंचर, स्पोक व्हीलवाली, पुढे कॉम्प्रेशन आणि रिबाउंड, मागे रिबाउंड आणि प्रीलोड. कॉम्प्रेशन म्हणजे चाक वर येताना होणारा अडथळा, रिबाउंड म्हणजे परत खाली जातानाचा. मोजायची पद्धत एकच, स्क्रू घड्याळाच्या दिशेने हलक्या हाताने पूर्ण बंद करायचा आणि तिथून बाहेर किती क्लिक ते मोजायचं. जोर लावून बंद केलात तर आतल्या सुईची वाट लागते.

माझ्या वहीत (हो वही ठेवतो, हसा) साधारण असं लिहिलेलं आहे. घाटातलं डांबर असेल तर मॅन्युअलमधलं मधलं सेटिंग, ब्रेकला पुढचं नाक फार खाली जात असेल तर कॉम्प्रेशन दोन क्लिक बंद. खडी आणि सुटे दगड असतील तर पुढचं कॉम्प्रेशन तीन-चार क्लिक उघडं, म्हणजे प्रत्येक दगड मनगटात येत नाही आणि चाक दगडावरून बाजूला उडत नाही. जाळीदार रस्त्याला, म्हणजे पत्र्यासारख्या बारीक लाटा असतात तो, रिबाउंड दोन क्लिक उघडं. कारण रिबाउंड फार बंद असलं तर एका लाटेतून चाक परत खाली यायच्या आत दुसरी लाट येते, मग तिसरी, आणि शॉक दर लाटेला थोडा थोडा खाली खाली बसत जातो. शेवटी तो दगडासारखा कडक होतो आणि तुम्हाला वाटतं अजून मऊ स्प्रिंग पाहिजे. गंमत म्हणजे लोक अशा वेळी रिबाउंड अजून बंद करतात.

एका वेळी एकच स्क्रू, दोनच क्लिक, आणि तोच एक-दोन किलोमीटरचा तुकडा परत चालवायचा. चार स्क्रू एकदम फिरवले की काय बदललं ते ब्रह्मदेवाला पण कळत नाही.

पर्थकर
जाळीदार रस्त्यावरून आठवलं. इथे पश्चिम ऑस्ट्रेलियात किंबर्लीतला गिब रिव्हर रोड म्हणून आहे, साडेसहाशे किलोमीटरच्या वर, आणि त्यातला बराचसा कच्चा आणि लाटांचा. तिथे अजून एक भानगड होते ती म्हणजे शॉक तापतो. सतत वरखाली होऊन आतलं तेल गरम होतं, पातळ होतं, डॅम्पिंग (स्प्रिंगची उसळी दाबणं) नाहीसं होतं आणि गाडी नुसत्या स्प्रिंगवर उड्या मारायला लागते. साध्या शॉकला वेगळी टाकी नसते त्यामुळे लवकर होतं. हात जवळ नेऊन बघा, चटका बसेल असा असतो. उपाय काही भारी नाही, थांबायचं, चहा करायचा, टायरची हवा कमी करायची आणि मगच निघायचं. लडाखला त्सो मोरीरीच्या बाजूला कच्च्यावर पण असेच पट्टे लागले होते मला.

रानवाट
मोजलं! मेहुणा आणि शेजारचा एक मुलगा कामाला लावला. प्रीलोड मूळ जागी आणून:
फ्री सॅग २२
मी एकटा ५८
दोघं + बॅगा ९९

मग उत्साहाच्या भरात प्रीलोड पूर्ण चढवून परत मोजलं:
रिकामी गाडी जेमतेम २-३
दोघं + बॅगा ७६

म्हणजे पूर्ण चढवूनही ६० वर येत नाहीये. शॉक खराब आहे का?

हूकपान्हा
शॉक ठणठणीत आहे. उलट फार सुंदर आकडे आणलेत, सगळं त्यात दिसतंय.

एकट्याला ५८, फ्री सॅग २२. म्हणजे कंपनीची स्प्रिंग तुमच्या एकट्याच्या वजनाला बरोब्बर आहे. घाट, कच्चा, खडी, काहीही असो, एकटे असाल तर प्रीलोडला हात लावू नका.

दोघं आणि सामान असताना ९९, म्हणजे अर्धा प्रवास खड्डा यायच्या आधीच संपला. मागून बसलेल्या होडीसारखी गाडी चाललीये. शेपूट खाली गेली की फोर्क जास्त कलतो, ट्रेल (हँडलच्या आसाची रेषा आणि पुढचं चाक जमिनीला टेकतं ती जागा यांतलं अंतर) वाढतो, पुढचं चाक हलकं होतं, म्हणून वळणात बाहेर पळते. हेडलाइट वर जातो म्हणून डिपर. आणि तो "ठक्क" म्हणजे शॉक तळाला टेकतोय. तुमच्या तिन्ही तक्रारींचं मूळ एकच.

पूर्ण चढवल्यावर ७६ आणि रिकामी गाडी २-३. ही स्प्रिंग या वजनाला मऊ असल्याची खूण आहे. नियम लक्षात ठेवा, वजन घेऊन सॅग बरोबर आणायला एवढा प्रीलोड लागला की रिकाम्या गाडीला सॅगच उरला नाही, तर स्प्रिंग मऊ. उलट सॅग बरोबर आहे पण रिकामी गाडीच भरपूर बसते, तर स्प्रिंग कडक.

आता रस्ते दोन. एक, कडक स्प्रिंग. दोन, काका म्हणाले तसं सामान. आणि सामान किती यापेक्षा कुठे ते आधी बघा. मागच्या आसाच्या मागे टांगलेला प्रत्येक किलो मागे किलोपेक्षा जास्त भार टाकतो आणि वर पुढचं चाक उचलतो. टूलकिट, ट्यूब, पंप, पाणी, सुटे लिव्हर, ही सगळी जड मंडळी टाकीच्या दोन्ही बाजूंच्या बॅगांत घाला. मागे कपडे आणि झोपायच्या पिशव्या. टॉपबॉक्स असेल तर घरी ठेवा.

खडूसकाका
बघा, मी काय म्हणालो होतो.

रानवाट
काका 🙏

हूकपान्हा, सामान हलवून उद्या परत मोजतो. पण मग स्पितीसाठी "मऊ" काय करायचं? सगळे म्हणतात पहाडात सस्पेंशन मऊ ठेवा.

हूकपान्हा
कोण म्हणतं आणि कशावर बसून म्हणतं ते विचारा त्यांना. तुम्ही जाणार त्यात कुंझुम उतरल्यावरचा ग्रांफू ते बातल हा पट्टा मुख्य त्रास. सुटे गोटे, नाल्यांतलं पाणी, वेग १५-२०. तिथे दोघं बसलेले असताना प्रीलोड कमी केलात तर इंजिनखालची प्लेट दगडांवर आपटत जाईल. दोघांसाठीचा जो सॅग लागला तोच पूर्ण ट्रिपभर ठेवायचा. रस्ता बदलला म्हणून जेवढं बदलावं लागतं त्याच्या कितीतरी पट मागे माणूस बसला की बदलावं लागतं, आणि लोक नेमकं उलटं करतात. रस्त्यासाठी बदलायचं ते टायरमधल्या हवेने. डांबरावर मॅन्युअलप्रमाणे, ग्रांफू-बातलला पुढे २४-२५ मागे २८ च्या आसपास, कारण दोघं आहात आणि दगड आहेत. फार उतरवलीत तर रिम वाकेल. कोकसरला डांबर लागलं की परत भरा. पंप पाहिजेच.

आणि पाणी ओलांडायचं असेल, रस्ता फारच खराब असेल, तर बायकोला सरळ शंभर मीटर चालायला सांगा. इतकं भारी सस्पेंशन दुसरं नाही.

रानवाट_ची_बायको
वाचतेय मी.

तीनशेनव्वद
😂😂😂

हूकपान्हा
वहिनी नमस्कार. माझीही चालते हो.

तीनशेनव्वद
उंचीचा एक मुद्दा राहिला. कुंझुम ४५५१ मीटर. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम ५५-६० टक्के. फोर्कमध्ये बंद झालेली हवा मात्र खालचीच असते, त्यामुळे ती आतून ढकलते. ४३ मिमीच्या नळीला हिशोब केला तर एका पायाला साधारण सहा किलो, दोन्ही मिळून बारा किलोचा जोर. फार नाही, पण पुढची बाजू थोडी वर राहते, सुरुवातीचे बारीक दगड मनगटात येतात आणि सीलवर ताण पडतो. ज्यांच्या फोर्कच्या टोपीवर हवा सोडायचा स्क्रू आहे त्यांनी पुढचं चाक अधांतरी ठेवून, मगच तो उघडून परत बंद करायचा. गाडी चाकांवर उभी असताना उघडलात तर उलटंच होतं, खाली आल्यावर फोर्क खालीच ओढला जातो. स्क्रू नसेल तर टोपी खोलत बसू नका, सोडून द्या.

टायरचं पण तसंच. मुंबईत भरलेली हवा काझाला गेजवर चार-पाच पीएसआय जास्त दिसायला हवी, पण थंडीने त्यातली निम्मी परत जाते. म्हणून तिथे सकाळी थंड टायरवर मोजा, मुंबईत मोजलेल्या आकड्यावर जाऊ नका.

दापोलीकर
सीलचं निघालंच आहे तर, नाल्याचं पाणी आणि बारीक पूड असली की फोर्क गळायला लागतो आणि लोक लगेच सील बदलतात. बऱ्याचदा सील शाबूत असतं, कडेखाली मातीचा कण अडकलेला असतो. डस्ट सील खाली सरकवायचं, जुन्या कॅमेऱ्याच्या निगेटिव्हची पट्टी किंवा तसलंच पातळ प्लास्टिक सीलच्या आत घालून गोल फिरवायचं, पुसायचं, फोर्क दहा वेळा दाबायचा. थांबलं तर थांबलं. नाही थांबलं तर गळकं तेल ब्रेकच्या डिस्कवर जाणार नाही एवढं फडकं बांधून पुढच्या गावापर्यंत जा.

कच्छी_मराठी
भुजला असतो. वाळू आणि रणाबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून दोन ओळी. वाळूत पुढचं चाक खुपसलं की खेळ संपला, म्हणून तिथे उलटा विचार. मागचा प्रीलोड किंचित कमी चालतो, पुढचं नाक वर राहिलेलं चांगलं, क्लिकर असेल तर पुढचं कॉम्प्रेशन थोडं बंद. हवा १५-१८. उभे राहा, वजन मागे, थ्रॉटल सोडू नका. पण हे एकट्याने आणि सामानाशिवाय. पांढऱ्या रणात तर वरून कोरडं दिसतं आणि खाली चिखल असतो, तिथे सेटिंग बिटिंग काही नाही, ट्रॅक्टरवाल्याचा नंबर ठेवा.

रानवाट
अपडेट. जड सगळं टाकीच्या बाजूला आणलं, एक स्टोव्ह, एक कॅमेऱ्याची बॅग आणि माझी तिसरी जीन्स कमी केली (वहिनींच्या आदेशावरून). सामान १८ किलोवर आलं. प्रीलोड पूर्ण चढवून दोघं + बॅगा आता ६८. परवा वरंध्याला जाऊन आलो, दोघंच. "ठक्क" फक्त एका ठिकाणी, पूल संपतो तिथल्या पायरीवर. वळणात बाहेर पळणं बंद. हेडलाइट खाली करून घेतला. एकच नवीन कटकट, प्रीलोड चढवल्यामुळे गाडी साइड स्टँडवर जास्त कलते, सामान उतरवलं की तर बघवत नाही.

स्प्रिंग घेऊच का आता?

हूकपान्हा
६८ म्हणजे ३४ टक्के. वर्षातून एकदाच दोघं जाणार असाल तर नका घेऊ, ते पैसे पेट्रोलला वापरा. दर महिन्याला डबलसीट असाल तर घ्या, पण घेताना दोघांची वजनं, सामान आणि हे सगळे आकडे कागदावर लिहून द्या, "थोडी हार्ड द्या" असं सांगू नका. आणि कडक स्प्रिंग टाकली की जुनं रिबाउंड तिला कमी पडतं, गाडी उसळी मारते, तुमच्या शॉकवर ते फिरवायची सोय नाही. म्हणजे शॉक खोलून आतलं पण करायला लागणार किंवा पूर्ण शॉकच बदलायला लागणार. खर्च त्या हिशोबाने धरा.

परत आलात की प्रीलोड लगेच मूळ जागी. रिंगेचे आटे मातीने जाम होतात, फिरवायच्या आधी ब्रशने साफ करा आणि थोडं तेल मारा.

खडूसकाका
माझी जुनी बुलेट उजवीकडे ओढते. नातवाने हा धागा वाचून टेप आणलाय. तिला किती सॅग धरायचा?

हूकपान्हा
काका, टेप राहू द्या. दोन शॉकअप आहेत ना, दोन्हीच्या खाली प्रीलोडच्या खाचा असतात, दोन्ही बाजू एकाच खाचेवर आहेत का बघा आधी.

खडूसकाका
डावा पहिल्या खाचेवर, उजवा चौथ्या. कोणी केलं हे?